गॅप पडला म्हणजे करिअर संपलं? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ नीट, जेईई आणि सीईटीचे आकडे येतात आणि घराघरांत एकच चर्चा सुरू होते : मिळतंय ते घ्यायचं की ड्रॉप घ्यायचा? मामा बजावतात, वर्ष फुकट जाईल. क्लासवाले सांगतात, एक वर्ष कळ काढा, मग आयुष्याचं सोनं. दोघेही ठासून बोलतात, पण माहितीपुस्तिका दोघांनीही उघडलेली नसते. शिक्षणात खंड पडल्याने नुकसान होतं की नाही, हे तो खंड किती मोठा आहे, कशासाठी आहे आणि पुढच्या प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या अटी काय आहेत, यावर ठरतं. म्हणून नेहमी कानावर येणाऱ्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज : गॅप सर्टिफिकेट म्हणजे कायमचा काळा शिक्का.

वस्तुस्थिती : हा कागद कोणी तुमच्याविरुद्ध देत नाही, तो तुम्हीच लिहून देता. अमुक ते अमुक काळात शिक्षण का थांबलं होतं आणि त्या काळात दुसऱ्या कुठल्या महाविद्यालयात प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्या घोषणापत्रात किंवा प्रतिज्ञापत्रात असतं. तयारी, आजारपण, घरची अडचण, यांतलं कोणतंही खरं कारण चालतं. महाविद्यालयाला साधं स्वयंघोषणापत्र चालतं की नोटरीचं प्रतिज्ञापत्र लागतं, हे मात्र आधी विचारून घ्या. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सेतू केंद्राबाहेर रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरं.

गैरसमज : प्रवेश परीक्षा कितीही वर्षं देता येतात.

वस्तुस्थिती : प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा आहे आणि खरी फसगत इथेच होते. नीटला प्रयत्नांचं बंधन नाही. कमाल वयाची अट 2022 मध्ये काढून टाकण्यात आली. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण झालेली असली की पुरे. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं देता येते, दर वर्षी दोन सत्रं. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र सलग दोन वर्षांत दोनदाच. नोव्हेंबर 2024 मध्ये ही संख्या तीन केल्याचं जाहीर झालं आणि दोन आठवड्यांच्या आत तो निर्णय मागेही घेतला गेला. दुसरा ड्रॉप घेऊन आयआयटी गाठू, असं म्हणणाऱ्याला परीक्षेलाच बसता येणार नाही. बारावी पुन्हा दिली तरी मोजणी पहिल्यांदा बारावी दिली त्या वर्षापासूनच होते. आयआयटीत एकदा प्रवेश घेतला, की तो सोडून चांगल्या शाखेसाठी ॲडव्हान्स्ड पुन्हा देण्याचा मार्गही बंद होतो.

एनडीएचं गणित आणखी कडक आहे. तिथे वयाची चौकट साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची असल्याने एका वर्षाचा खंडसुद्धा महागात पडू शकतो. सीईटीचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशापुरते असतात, तर गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणजे इंजिनीअरिंगनंतर गेट देऊन वर्षभर नोकरी केली तरी एमटेकची संधी हातची जात नाही.

गैरसमज : एक वर्ष जास्त दिलं की जागा नक्की.

वस्तुस्थिती : 2024 मध्ये नीटसाठी सुमारे 24 लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. लातूरपासून कोट्यापर्यंतच्या रिपीटर बॅचमधली मुलं याच गर्दीत असतात. म्हणून ड्रॉप घेण्याआधी टक्के बाजूला ठेवून चुका पाहा. पाठ असलेल्या धड्यात घाईने गेलेले गुण, परीक्षेच्या तोंडावर आलेला ताप, वेळेचं बिघडलेलं नियोजन, या गोष्टी वर्षभरात सुधारतात. पण फिजिक्स मुळातूनच कळलेलं नसेल आणि पुन्हा त्याच नोट्स, तोच क्लास, तीच पद्धत असेल, तर दुसऱ्या निकालाकडून वेगळी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

पालकांना दोन गोष्टी माहीत असाव्यात. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडता, दहावी आणि बारावी राज्यातूनच उत्तीर्ण असावी लागते. बारावी इथे करून ड्रॉपचं वर्ष कोटा शहरात काढलं तर त्याला धक्का लागत नाही. अकरावी-बारावीच तिकडे केली तर लागतो. दुसरं, केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण फी भरून क्लास मध्येच सोडला, तर उरलेल्या काळाचे पैसे 10 दिवसांत परत मिळायला हवेत. फी भरताना हे लेखी मागा.

गैरसमज : गॅप असलेल्यांना कंपन्या घेत नाहीत.

वस्तुस्थिती : कॅम्पस भरतीत शैक्षणिक खंडाची अट असते, पण ती सरसकट बंदी नसते. टीसीएसच्या नवोदितांच्या भरतीत 24 महिन्यांपर्यंतचा खंड चालत आलेला आहे. बारावीनंतरचा एक ड्रॉप त्यात सहज बसतो. दोन ड्रॉप आणि वर एखादं वर्ष नापास, एवढी बेरीज झाली की अडचण सुरू होते. अंगावर राहिलेले विषय अनेकदा गॅपपेक्षा जास्त नडतात.

लपवाछपवी तर हमखास नडते. उमेदवार रुजू होताना कंपन्या गुणपत्रिकांवरच्या तारखा पडताळून पाहतात. अर्जात एक आणि कागदावर दुसरं असेल, तर हातात आलेलं ऑफर लेटर जाऊ शकतं. मुलाखतीत ‘नीटची तयारी केली, जमलं नाही, मग मायक्रोबायोलॉजीकडे वळलो’ हे सरळ उत्तर पुरेसं असतं. त्या वर्षात आणखी काय केलं, हा पुढचा प्रश्न ठरलेला. म्हणून तयारीच्या जोडीला एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम, दुकानाच्या हिशेबाचं काम किंवा शिकवणी, असं काहीतरी दाखवण्याजोगं असावं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून तयारी करता करता पदवीचं पहिलं वर्षही करता येतं.

गैरसमज : खंड पडला की शिष्यवृत्ती गेली.

वस्तुस्थिती : राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत खंडाची अट आहे, पण ती अभ्यासक्रम सुरू असतानाच्या दोन किंवा अधिक वर्षांच्या खंडाबद्दल आहे. बारावीनंतर प्रवेशाआधी घेतलेला ड्रॉप आणि प्रवेशानंतर सोडलेली वर्षं, या दोन गोष्टींची गल्लत करू नका. इतर योजनांचे नियम महाडीबीटी पोर्टलवर योजनानिहाय वाचायला मिळतात.

गैरसमज : परदेशात सगळेच गॅप इयर घेतात, मग आपण का नको?

वस्तुस्थिती : मालिया ओबामाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिने 2016 मध्ये शाळा संपवली आणि वर्षभराने, 2017 मध्ये ती हार्वर्डला गेली. पण तिची जागा आधीच पक्की होती. हार्वर्ड प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना वर्षभर थांबण्याची मुभा देतं, ब्रिटनमध्येही एक वर्ष पुढचा प्रवेश मागता येतो. तिकडचं गॅप इयर जागा मिळाल्यावर सुरू होतं. आपला ड्रॉप जागा मिळाली नाही म्हणून सुरू होतो. तिथे ती विश्रांती असते, इथे पैज. दोन्हींना एकच मोजपट्टी लावता येत नाही.

गैरसमज : सरकारी नोकरीत गॅप कोण विचारतो!

वस्तुस्थिती : खरंच, गॅप विचारत नाहीत, वय विचारतात. एमपीएससीच्या राज्यसेवेसाठी खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत संधी आहे. यूपीएससीत खुल्या गटाला 32 वर्षं वय आणि सहा प्रयत्न ही मर्यादा आहे. पण ही उदार मर्यादाच सापळा होते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अनेकांचं ‘एकच वर्ष’ बघता बघता सहा-सात वर्षांचं होतं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला दर वर्षी सुमारे हजार जागा आणि दहा लाखांच्या आसपास अर्ज असतात. पदवीनंतर कुठलाही अनुभव न घेता तिशी गाठलेल्या उमेदवाराला खासगी क्षेत्रात एकदम खालच्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. नोकरी करत तयारी करणं जड जातं, पण परतीची वाट त्यात उघडी राहते.

गैरसमज : मध्येच शिक्षण सुटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वस्तुस्थिती : नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. घरच्या आजारपणामुळे किंवा पैशांमुळे थांबावं लागलेल्यांनी हे खातं उघडलेलं आहे ना, याची खात्री महाविद्यालय सोडतानाच करून घ्यावी.

थोडक्यात, कारण सांगता येणारा एका वर्षाचा खंड बहुतेक ठिकाणी चालून जातो. दुसरं वर्ष नियम आणि खर्च मोजूनच घ्यावं. तिसऱ्यासाठी फार भक्कम कारण हवं. ड्रॉप ठरवताना एका कागदावर तीन गोष्टी लिहा : ज्या परीक्षेसाठी थांबतोय तिच्या प्रयत्नांची आणि वयाची मर्यादा, वर्षभराचा एकूण खर्च, आणि यश आलं नाही तर कोणत्या तारखेला कोणता दुसरा प्रवेश घ्यायचा. तिसरी ओळ कोरी राहत असेल, तर निर्णय अजून झालेला नाही असं समजा. आणि मुलाला दोन ड्रॉप देणाऱ्या घरांनी मुलीलाही निदान एक मागण्याची मोकळीक द्यावी.