देवतांची उतरंड आणि माणसाची जागा

बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांमधून फिरताना दैवतांचं खातेवाटप चटकन ध्यानात येतं. विहिरीवर साती आसरा, बांधावर म्हसोबा, वेशीपाशी मारुती, गावाबाहेर मरीआई. प्रत्येकाची हद्द ठरलेली, नैवेद्य ठरलेला, कोपही ठरलेला. मागणं मोठं असलं की माणूस मेहकरच्या शारंगधर बालाजीला नाहीतर लोणारच्या दैत्यसूदनाला साकडं घालतो. कोणत्या कामाला कोणाच्या दारी जायचं, हे पोथी न उघडताही ठाऊक असतं.

या साऱ्या दैवतांची रीतसर मोजदाद करून त्यांना पायरीपायरीनं बसवण्याचं काम मराठीत तेराव्या शतकातच झालं. ते केलं महानुभाव पंथानं. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी याच भागातून हिंडले. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावं येतात. यादव राजा कान्हरदेव लोणारात स्वामींना भेटल्याची लीळाही त्यात आहे.

नऊ थोवे

महानुभावांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ एकमेकांपासून वेगळे आहेत. देवता खोट्या नाहीत, पण त्या परमेश्वरही नाहीत. त्यांचे नऊ गट, म्हणजे थोवे, मानले आहेत. सर्वांत खाली कर्मभूमीच्या देवता. पृथ्वीवर, माणसांच्या आसपास वावरणाऱ्या या देवतांत आपले म्हसोबा-मरीआई सहज बसतात. त्यांच्या वर अष्टदेवयोनी, मग अंतराळातल्या देवता, मग इंद्रादिकांचा स्वर्ग. पाचव्या पायरीवर सत्य, कैलास आणि वैकुंठ, म्हणजे ब्रह्मा, शिव आणि विष्णू. सहावी क्षीराब्धीची, सातवी अष्टभैरवांची, आठवी विश्वदेवतेची आणि सर्वांत वर चैतन्य, म्हणजेच माया. एकूण संख्या सांगितली आहे ८१ कोटी १ लाख २५ हजार १०.

लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं भव्य शिल्पमंडित देऊळ ज्या लोणारात आहे, तिथून गेलेल्या स्वामींच्या दर्शनात वैकुंठ उतरंडीच्या मध्यावर आहे. त्या काळच्या श्रोत्याला हे पचायला किती जड गेलं असेल! पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळासारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते पंथाबाहेर फारसे कोणी वाचले नव्हते. त्यामुळे ही उतरंड मराठीत असूनही सर्वसामान्य मराठी वाचकाला अनोळखीच राहिली.

दूतांचे दर्जे

योगायोग असा, की ख्रिस्ती परंपरेतही देवदूतांचे दर्जे नऊच आहेत. इ.स. ५००च्या आसपास डायोनिसियस या नावानं ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका लेखकानं ते तीन-तीनच्या तीन फळ्यांत मांडले. सराफीम, करूबीम आणि सिंहासने ही सर्वांत वरची फळी. मधल्या फळीत प्रभुत्वे, सामर्थ्ये आणि सत्ता. खालच्या फळीत अधिपती, आद्यदेवदूत आणि साधे देवदूत. बायबलमध्ये मरियेला निरोप सांगणारा गॅब्रिएल आणि सैतानाशी लढणारा मिखाएल यांना परंपरा आद्यदेवदूत म्हणते, पण या मांडणीत त्यांची पायरी खालून दुसरी लागते. सराफीम देवाच्या सान्निध्यात तेजानं जळत असतात. तेच तेज एकेक पायरी उतरत माणसापर्यंत पोचतं.

इस्लाममध्ये भर कामाच्या वाटणीवर आहे. जिब्रील ईश्वराचा संदेश आणतो, मिकाईल पाऊस आणि अन्न सांभाळतो, इस्राफील कयामतीचं शिंग फुंकणार, अजराईल प्राण नेतो. यांतली इस्राफील आणि अजराईल ही नावं कुराणात नाहीत, ती पुढच्या परंपरेनं दिली. शिवाय प्रत्येक माणसामागे बरंवाईट लिहून घेणारे दोन फरिश्ते असतात. साकडं घालताना मात्र धर्मांच्या या वाटण्या आड येत नाहीत. बुलढाणा तालुक्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे आणि होळीच्या सुमारास तिथल्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक लोटतात. बाधा झाली असं मानून घरच्यांना तिथे आणलं जातं. जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जाळीच्या देवाला, म्हणजे महानुभावांच्या तीर्थालाही लोक त्याच कारणानं जातात.

देवांनाही बंद असलेली वाट

या सगळ्या उतरंडी वाचताना वाटतं, माणूस सर्वांत खाली. तसं नाही. कुराणातल्या कथेत ईश्वर फरिश्त्यांना आदमपुढे झुकायला सांगतो. सगळे झुकतात, इब्लीस तेवढा नाकारतो आणि हाकलला जातो. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क आणि वैमानिक असे देवांचे चार वर्ग आहेत. त्यांच्या दरबारात इंद्र आहे, सामानिक आहेत, अंगरक्षक आहेत, सैन्य आहे आणि अगदी शेवटी सर्वांत हलके मानलेले किल्विषिकही आहेत. स्वर्गातही वरचा-खालचा भेद चुकलेला नाही! पण यांतल्या इंद्रालाही देवलोकातून थेट मोक्ष नाही. त्यासाठी मनुष्यजन्मच घ्यावा लागतो.

महानुभाव हेच आणखी स्पष्ट सांगतात. देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त. म्हणजे आज बांधलेला असला तरी जीव सुटू शकतो, देवता कधीच सुटू शकत नाही. म्हसोबा पीक राखील, इंद्र स्वर्ग देईल, विष्णू वैकुंठ देईल. पण भोग सरला की परतीची वाट ठरलेलीच. मायेपर्यंत चढूनही मुक्ती हाती येत नाही. एवढ्या बारकाईनं ८१ कोटींची मोजणी केली, ती त्यांना भजण्यासाठी नव्हे. कोणत्या दारी काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे एकदा नीट कळावं म्हणून.

मग मोक्ष कोण देतो? परमेश्वर, आणि तो माणसाच्या देहात येऊन. म्हणून महानुभाव जिथे स्वामी बसले, निजले, जेवले त्या स्थानी ओटा बांधतात आणि त्यालाच दंडवत घालतात. नऊ थोव्यांतल्या एकाही देवतेला हा मान नाही.