असिस्टंटने किती करावे?

सक्शन धरणे, सिमेंट कालवणे, हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये लावणे. आपल्याकडे डेंटल असिस्टंटचे काम बहुधा इथेच थांबते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जादा प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर परवाना मिळालेली असिस्टंट याच्या बरीच पुढे जाते. दात कोरून कीड काढायची ती डॉक्टरांनीच. पण त्यानंतर पोकळीत फिलिंग भरणे, त्याला दाताचा आकार देणे, रुग्णाला रंगीत कागद चावायला लावून टोचणारा उंचवटा घासणे, हे ती करते. तेवढ्या वेळात डॉक्टर पुढच्या खुर्चीकडे वळू शकतात. निदान मात्र त्यांचेच, आणि ते योग्यच आहे. भारताच्या 1948च्या दंतवैद्य कायद्यात हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांच्या नोंदणीची तरतूद होती, असिस्टंटच्या नाही. नोंदणी आणि ठरावीक अभ्यासक्रमाशिवाय, नुसत्या अनुभवावर असे काम सोपवणे रुग्णाच्या हिताचे नाही.