मुदतीची नावे

कारखान्यातला हजेरीपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात नाव चढविणे सोपे, काढणे अवघड. नवा माणूस स्वतः दाराशी उभा असतो, म्हणून त्याचे नाव त्याच दिवशी चढते. गेलेला माणूस मात्र ‘माझे नाव काढा’ असे सांगायला परत येत नाही. आज हा पट कागदावरून यंत्रात गेला. त्याबरोबर ही अडचणही तेथे गेली. तिच्यावर उपाय कोणता आणि तो करताना काय सांभाळावे, हे येथे सांगावयाचे आहे.

मी हे शास्त्र शाळेत शिकलेलो नाही. एका तक्रारीने ते मला शिकविले. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातला कंत्राटी कामगार तीन महिन्यांचे काम संपवून गावी गेला. पुढे त्याच्या घरी नोटीस आली : कोठारातून माल उचलल्याची नोंद तुमच्या नावावर आहे, खुलासा करा. त्या दिवशी तो गावी पेरणीवर होता. चौकशीत निघाले ते एवढेच, की यंत्रातले त्याचे नाव कोणी काढलेच नव्हते आणि त्याचा पासवर्ड आणखी चौघांना ठाऊक होता. आपण तेथे नव्हतो हे सिद्ध करण्यासाठी त्या माणसाला दोन महिने हेलपाटे घालावे लागले.

यंत्रातल्या या पटाला डिरेक्टरी म्हणतात, आणि तो सांभाळणाऱ्या व्यवस्थेला डिरेक्टरी सर्व्हर. कामगाराने संगणकावर आपले नाव व पासवर्ड घातला, की इतर यंत्रे या सर्व्हरला विचारतात : हा आपला माणूस आहे काय? त्याच्याशी बोलण्याची जी ठरलेली भाषा आहे, तिला एलडॅप म्हणतात. १९९९ साली आरएफसी २५८९ या लेखाने या भाषेत एक भर घातली. काही नोंदी मुदतीच्या असाव्यात. मुदत संपेपर्यंत कोणी ती वाढवून घेतली नाही, तर नोंद आपोआप पुसली जावी. रेल्वेच्या मासिक पासासारखाच हा प्रकार. पास संपल्याचे कोणी जाहीर करावे लागत नाही; नवा काढला नाही, की जुना निकामी.

ओपनएलडॅप या मोफत मिळणाऱ्या सर्व्हरमध्ये ही सोय ‘डीडीएस’ नावाच्या जोडभागाने होते. तो चालू केला, की नवी नोंद ‘डायनॅमिकऑब्जेक्ट’ या वर्गाची करता येते. सर्व्हर तिला ‘एंट्रीटीटीएल’ हा आकडा चिकटवितो. नोंदीचे किती सेकंद उरले, ते हा आकडा सांगतो, आणि तो सारखा उतरत जातो. ‘रिफ्रेश’ची मागणी आली, की मुदत पुन्हा भरून मिळते. कायमची नोंद मात्र मागाहून मुदतीची करता येत नाही. नाव चढवितानाच ते ठरवावे लागते. मुदतीच्या नोंदीखाली कायमची नोंद ठेवता येत नाही, हेही ध्यानात असावे.

आता मांडणी पाहू. कमाल मुदत आपण ठरवावयाची; ती ८६,४०० सेकंदांहून, म्हणजे एका दिवसाहून, कमी ठेवता येत नाही आणि ३,१५,५७,६०० सेकंदांहून, म्हणजे साधारण एका वर्षाहून, अधिक ठेवता येत नाही. नव्वद दिवसांच्या कंत्राटासाठी ती ७७,७६,००० ठेवावी. येथे एक खाच आहे. नव्या नोंदीची सुरुवातीची मुदत वेगळी सांगितली नाही, तर सर्व्हर तिला कमाल मुदतच देऊन टाकतो. दोन दिवसांसाठी आलेला माणूसही मग नव्वद दिवस पटावर राहतो. म्हणून सुरुवातीची मुदत एक दिवसाची ठेवावी आणि कंत्राटाचा कागद पाहून रिफ्रेशने ती वाढवावी. मुदत संपलेल्या नोंदी सर्व्हर ठरावीक अंतराने झाडतो. आपण काही सांगितले नाही, तर तासातून एकदा. तेव्हा नाव मिनिटाच्या काट्यावर जाईल असे समजू नये. शिवाय जो आधीच आत शिरून बसला आहे, तो केवळ नाव पुसल्याने बाहेर पडतोच असे नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अधिकाराचा. रिफ्रेश करण्यासाठी त्या आकड्यावर ‘मॅनेज’ ही परवानगी लागते. ती कोणाला द्यावी? कामगाराला स्वतःला दिली, तर कंत्राट संपल्यावरही तो मुदत वाढवीत राहील. एकट्या मुकादमाला दिली, तर त्याच्याशी तोंड वाजले की दुसऱ्या दिवशी नाव गळेल, आणि ‘आम्ही काढले नाही, आपोआप गेले’ असे उत्तर मिळेल. यंत्राला माणूस गेला की वाढवायचे राहिले, हा भेद कळत नाही. ज्याने काहीच केले नाही, त्याला येथे जाब विचारता येत नाही. म्हणून वाढविण्याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्यावर लिहून द्यावी.

आणखी एक. विंडोज सर्व्हरच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ही सोय २००३ पासून आहे. एरवी तेथे नोंद काढली, तर काही काळ तिची खूण मागे राहते. मुदतीची नोंद संपली, तर तशी खूणही राहत नाही. तेव्हा ज्या नोंदीवर मजुरी, भविष्यनिर्वाह निधी वा सेवेचे दिवस अवलंबून आहेत, ती कधीही मुदतीची करू नये. दाराची किल्ली मुदतीची असावी. केलेल्या कामाचा हिशेब कायमचा असावा. या दोन वह्या एक झाल्या, की यंत्र किल्लीबरोबर हिशेबही पुसून टाकते.

आमच्या त्या कामगारावरचा आरोप अखेर मागे घेण्यात आला. तेव्हापासून कंत्राटाचा करार समोर आला, की मी चार गोष्टी विचारतो : मुदत किती, ती वाढविणार कोण, संपण्यापूर्वी कामगाराला कळविणार कसे आणि त्याच्या कामाची वही कोठे? ज्यांच्या घरातले कोणी कंत्राटावर आहे, त्यांनी हे चार प्रश्न लिहून घ्यावेत, आणि उत्तरही लेखी मागावे.