जुन्या बंदुकीची कमान: दुरुस्ती कीं प्रक्षेप?

अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर (१९८१ पूर्वींचा कुलाबा जिल्हा, हल्लींचा रायगड) जुन्या घरांतून कागदपत्रांबरोबर एखादी गंजलेली बंदूकहि संग्राहकाच्या हातीं येते. तिचा घोडा पुष्कळदां लुळा असतो, कारण आंतील कमान, जीस हल्लीं स्प्रिंग म्हणतात ती, मोडलेली असते. खारी हवा पोलादास गंजाचे खळगे पाडते. आणि वांकाच्या जागीं ताण अधिक असल्यामुळें पट्टी तेथेंच तुटते. नवी कमान बसवावी काय, हा प्रश्न वरवर लोहाराचा दिसला तरी वस्तुतः संशोधकाचा आहे.

तोड्याच्या बंदुकींत जळती जामगी धरणारा घोडा चाप ओढतांच बोटाच्या जोरानें खालीं येतो. कमान त्यास केवळ मागें नेते. गारेच्या बंदुकींत मात्र कमानी तीन: घोडा वेगानें आपटविणारी मोठी, चढविलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिटीची लहान, आणि रंजकेवरील पोलादी झांकण दाबणारी बाहेरची. पुढें एकोणिसाव्या शतकांत टोपीच्या बंदुका आल्या, तेव्हां कित्येक गारेच्या बंदुका पालटून घेण्यांत आल्या. झांकण गेलें, त्याची कमान गेली; मागें उरलें तें मळसूत्राचें बुजविलेलें छिद्र. हें छिद्र म्हणजे त्या बंदुकीच्या चरित्रांतील एक ओळच होय. तेथें हौसेनें पुन्हां झांकण व कमान बसविणारा मनुष्य ती ओळ खोडतो.

कमान घडविण्याची रीत अशी: पोलादी पट्टी तापवून दुमडावी, लाल करून तेलांत विझवावी, आणि मग बेतानें तापवून निळी झांक आणावी. पहिल्या क्रियेनें काठिण्य येतें, दुसरीनें लवचिकपणा. दुसरी साधली नाहीं तर कमान कांचेसारखी तुटते. ती अवाजवी जोरदार झाली तर जुना घोडाच मोडण्याचा संभव असतो.

याहून गंभीर गोष्ट भरलेल्या बाराची. कोरडी राहिलेली काळी दारू कितीहि जुनी असली तरी पेटते. म्हणून प्रथम लांकडी गज हळूच नळींत घालून खोली मोजावी व ती बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशीं ताडावी. गज बराच अलीकडे अडल्यास बंदुकीस हात न लावतां जाणत्यास बोलवावें. शिवाय चालूं होण्याजोग्या हत्याराचा प्रश्न १९५९ च्या शस्त्रकायद्यांत येतो. तेव्हां परवाना अधिकाऱ्यास विचारल्यावांचून दुरुस्ती करूं नये.

पोथींतील त्रुटित अक्षरें संपादक कंसांत भरतो. मूळ पानावर शाई फिरवीत नाहीं. येथेंहि तोच न्याय लावावा. केवळ संग्रहासाठीं कमान मोडकीच राहूं द्यावी. रचना दाखविण्यासाठीं नवी बसवावयाची झाल्यास ती सौम्य असावी. जुन्या भागांस कानस लावूं नये. नव्या कमानीवर सालाचा अंक कोरावा. आणि जुना तुकडा चिठीसह जपून ठेवावा. असें न केल्यास आजची दुरुस्ती उद्यां मूळ म्हणून वाचली जाईल, आणि पुढचा अभ्यासक आमच्या लोहाराचें काम आंगऱ्यांच्या काळचें समजेल.