निर्णयाचे ओझे मुलांवर का ठेवावे?

बँकेच्या नोकरीतील माझी काही वर्षे सुरगाण्यात गेली. नाशिक जिल्ह्याच्या टोकाला, गुजरातच्या सीमेलगत वसलेले हे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्याचे गाव. तेथील बाजारपेठेतील एका किराणा पेढीचे शेठजी माझे स्नेही झाले. हिशेबाच्या बाबतीत अत्यंत चोख माणूस! इच्छापत्र नोंदविलेले, प्रत्येक ठेवीवर नामनिर्देशन केलेले, उधारीची वही रोजच्या रोज पूर्ण. शाखेतील नव्या कर्मचाऱ्यांना मी त्यांचेच उदाहरण देत असे.

माझ्या निवृत्तीनंतर एके पहाटे शेठजींना मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला. बोरगाव, वणी, दिंडोरी असा प्रवास करून त्यांना नाशिकला नेले. व्हेंटिलेटर लावला गेला. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितले की, शुद्ध येण्याची आशा उरलेली नाही. पुढे काय करायचे ते कुटुंबाने ठरवावे. पेढी सांभाळणारा थोरला म्हणाला, "बाबूजींना असे नळ्यांत पडून राहणे कधीच रुचले नसते." पुण्याहून आलेला धाकटा म्हणाला, "तू हात टेकलेस, मी टेकणार नाही." काकी दोघांच्या मध्ये मूकपणे बसून होत्या. एकतिसाव्या दिवशी शेठजी गेले. त्या वर्षी संवत्सरीला दोन्ही भावांनी साऱ्या गावाला 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले. एकमेकांना मात्र म्हटले नाही.

दोघांचेही वडिलांवर सारखेच प्रेम होते. उणीव होती ती एका कागदाची. इच्छापत्र मृत्यूनंतर बोलू लागते. त्या एकतीस दिवसांविषयी शेठजींनी कोठेही एक ओळ लिहिलेली नव्हती.

हाच प्रश्न महाराष्ट्रातील एका दुर्दैवी घटनेने साऱ्या देशापुढे ठेवला होता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या जडावस्थेत गेल्या. त्यांचे कृत्रिम पोषण थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना ते मान्य नव्हते. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली; मात्र अपवादात्मक स्थितीत उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवरक्षक उपचार थांबविता येतील, असे तत्त्व मान्य केले. 18 मे 2015 रोजी अरुणाजींचे निधन झाले. दोन्ही पक्ष आपुलकीनेच बोलत होते. स्वतः अरुणाजींना काय हवे होते, ते मात्र कोणालाही विचारता येत नव्हते.

9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 5 न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'अग्रिम वैद्यकीय निर्देश', म्हणजेच लिव्हिंग विल, वैध ठरविले. आरंभीची प्रक्रिया फार किचकट होती. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती सुलभ झाली. आता कोणतीही सज्ञान, सुबुद्ध व्यक्ती स्वेच्छेने, लेखी स्वरूपात असा निर्देश करू शकते. बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात कोणते उपचार नकोत आणि आपण बोलू शकत नसल्यास आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात स्पष्ट लिहावे. एकाहून अधिक नावे देता येतात. 2 साक्षीदारांसमोर स्वाक्षरी करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यावा. एक प्रत नामनिर्देशित व्यक्तींना व घरच्या डॉक्टरांना द्यावी. एक प्रत स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जाते. सुरगाण्यासारख्या गावी ती संस्था म्हणजे नगरपंचायत, खेड्यात ग्रामपंचायत. मत बदलल्यास निर्देश केव्हाही लेखी स्वरूपात बदलता वा रद्द करता येतो.

या कागदाचा कोणी दुरुपयोग करील, ही शंका व्यापारी मनाला प्रथम येते. म्हणूनच केवळ नातेवाइकांच्या शब्दावर उपचार थांबत नाहीत. रुग्णालयाचे 3 डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ रुग्णाची स्थिती तपासते; त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर ज्यात असतो, असे दुसरे मंडळ तोच निर्णय पडताळते. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एका सहीवर रक्कम निघत नाही.

आपल्या समाजात आणखी एक शंका विचारली जाते : हा संथाराच नव्हे का? दोहोंत गल्लत करू नये. संथारा हे पूर्ण शुद्धीत, गुरूंच्या आज्ञेने स्वीकारलेले धर्मव्रत आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये ते दंडनीय ठरविले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, हे वाचकांना स्मरत असेल. अग्रिम निर्देश हे व्रत नाही. शुद्ध हरपल्यावर यंत्रांचा वापर कोठवर करावा, एवढेच तो सांगतो. वेदनाशमन आणि सेवाशुश्रूषा चालूच राहतात. इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे आजही गुन्हाच आहे.

सुरगाण्याहून परत आल्यावर मी व माझ्या पत्नीने आमचे निर्देश लिहिले. सही सोपी होती. मुलांना समोर बसवून विषय काढणे कठीण गेले. मुलगी उठून आत गेली. थोड्या वेळाने परत येऊन तिने एकच विचारले, "पप्पा, नक्की काय नको, ते नीट सांगा." त्या संध्याकाळी आम्ही जेवढे बोललो, तेवढे पूर्वी कधी बोललो नव्हतो.

दिवाळीला आपण जुनी वही मिटवून नवी पूजतो आणि येणे-देणे स्पष्ट लिहून ठेवतो. त्याच वेळी हा एक कागदही लिहावा, ही विनंती. लिहिण्यापूर्वी मात्र घरातील सर्वांना एकत्र बसवावे. जे आपण आज दोन वाक्यांत सांगू शकतो, ते उद्या आपल्या मुलांना रुग्णालयाच्या ओसरीत उभे राहून ठरवावे लागू नये.