मिडनाइट कमांडर: लिनक्समधल्या दोन निळ्या चौकटी

डॉसच्या काळात जॉन सोशा यांनी लिहिलेला, फायली हाताळण्याचा नॉर्टन कमांडर हा प्रोग्राम १९८६ मध्ये बाजारात आला. त्याच धर्तीवर मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये युनिक्ससारख्या प्रणालींसाठी मिडनाइट कमांडर लिहायला घेतला. तो मुक्त सॉफ्टवेअर आहे. उबुंटू किंवा डेबियन लिनक्सवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एमसी’ ही आज्ञा दिली की तो बसतो आणि ‘एमसी’ एवढी दोन अक्षरे टंकली की सुरू होतो.

पडद्यावर शेजारीशेजारी दोन निळ्या चौकटींत फायलींच्या दोन याद्या दिसतात. टॅबने एकीतून दुसरीत जाता येते, इन्सर्टने फायली निवडता येतात. एफ३ने फाइल पाहावी, एफ४ने संपादित करावी, एफ५ने नक्कल करावी, एफ६ने हलवावी किंवा तिचे नाव बदलावे, एफ७ने नवे फोल्डर करावे. एफ८ने फाइल पुसली जाते, ती कचरापेटीत जात नाही. म्हणून तिथे हात आवरता घ्यावा. एफ१० बाहेर पडण्यासाठी. काही टर्मिनल ही कळ स्वतःच्या मेनूसाठी राखून ठेवतात; अशा वेळी एस्केप दाबून शून्य दाबावे.

कंट्रोल-ओ दाबल्यावर याद्या बाजूला होऊन मागचे टर्मिनल दिसते. फायलींचा गठ्ठा असलेल्या झिप किंवा टार फाइलमध्ये साध्या फोल्डरसारखे शिरता येते. खरी सोय दूरच्या सर्व्हरवर कळते: एका यादीत आपला संगणक, दुसरीत एसएसएचने जोडलेला सर्व्हर. डॉसच्या सवयीने एक चूक मात्र हमखास होते: नावांतल्या लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लक्षात घेतला जात नाही. लिनक्समध्ये लहान आणि मोठ्या अक्षरांतली इंग्रजी नावे वेगळ्या फायलींची मानली जातात.