पट्टीमागचा गंज वेळीच ओळखा!

कोकणात फिरणारी दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी असेल, तर चाकांवरच्या आणि दारांखालच्या प्लास्टिक पट्ट्या एकदा काढून बघाच. खारी हवा आणि पावसाळी चिखल तिथे अडकतो, ओल सुकत नाही आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पट्टीच्या कडेला रंगाला फोड दिसला, की समजा, गंज आत पसरलाय.

काढायची पद्धत:

🔧 गाडी धुऊन थोडा वेळ उन्हात ठेवा. गार प्लास्टिक लवकर तडकतं.

🔧 आधी चाकाच्या कमानीतले स्क्रू काढा. मग पट्टी प्लास्टिकच्या चपट्या हत्यारानेच उचकटा. स्क्रू ड्रायव्हरने रंगावर चरे पडतात.

🔧 चिकटवलेली पट्टी हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू सोडवा.

🔧 क्लिपा तुटणारच. नव्या आधीच आणून ठेवा.

आता गंज वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. गॉगल आणि मास्क हवाच. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. ते गंजाचं आयर्न फॉस्फेट करतं. पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. क्लिपांच्या भोकांच्या कडांनाही प्रायमर विसरू नका, गंज तिथूनच सुरू होतो. दारांखालची पाणी निघायची भोकं मोकळी करा.

पत्र्याला आरपार भोक असेल, तर पुट्टी भरू नका. वेल्डिंगच करून घ्या.

हे काम मे महिन्यातच उरका. पाऊस सुरू झाला, की पत्रा कोरडा मिळत नाही.